नागपूरहून कोकण किनाऱ्यावर: दोघांनी, आपल्या गाडीने, अकरा दिवसांत

पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्ही दोघं भर दुपारी दोन वाजता अलिबागच्या किनाऱ्यावर उभे होतो. समोर कुलाबा किल्ला, मध्ये छातीभर पाणी. किल्ल्यात चालत जाता येतं एवढंच ऐकून आठशे किलोमीटर आलो होतो. वाळूत बसलेल्या एका आजोबांना विचारलं, तर ते म्हणाले, "आज चतुर्थी. तीनला भरती. सकाळी नऊला यायचं होतं." त्यांनी घड्याळ पाहिलं नाही, मोबाईल पाहिला नाही, समुद्राकडेही पाहिलं नाही.

आपल्या नागपूरकरांचं पाणी म्हणजे फुटाळा आणि अंबाझरी. ते सकाळी जिथे असतं तिथेच संध्याकाळी असतं. त्यामुळे सहल आखताना आपण किलोमीटर मोजतो, हॉटेलं बघतो, आणि पाण्याचा विचार मनातच येत नाही. किनाऱ्याने खाली उतरत जायचं असेल, तर पाण्याची वेळ हीच खरी वेळ. तीन वेळा जाऊन-येऊन आम्ही जी पद्धत बसवली, ती इथे सविस्तर लिहिते.

आधी तिथी बघा, मग रजा टाका

हिशेब सोपा आहे. कोकणात पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आहे. जी तिथी असेल तिची पाऊणपट करा, ती साधारण भरतीची वेळ. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे पूर्ण भरती दुपारी (आणि पहाटे) तीनच्या सुमारास. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी, म्हणजे नऊला. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास, ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाला. शुक्ल पक्ष असो की कृष्ण पक्ष, हिशेब तोच. रोज वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. अलिबागला हे बरोबर जुळतं. रत्नागिरीकडे जाल तशी वेळ थोडी आधी येते. मोबाईलवर भरतीचे तक्ते मिळतात, नेमकी वेळ त्यांवर ताडून घ्या. पण महिनाभर आधी तारखा ठरवताना भिंतीवरची दिनदर्शिका पुरते.

आणखी एक गोष्ट. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती असते. पाणी खूप चढतं आणि तितकंच खोल ओसरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती. चढही कमी, उतारही कमी. म्हणून अष्टमीला बाराला ओहोटी असली, तरी कुलाब्याची वाट पूर्ण उघडी पडेलच असं नाही.

आम्ही आता तृतीयेला नागपूर सोडतो. चतुर्थीला अलिबाग, पंचमीच्या सकाळी पावणेदहाच्या ओहोटीला कुलाबा, सप्तमीला सव्वाअकराच्या ओहोटीला हरिहरेश्वरची प्रदक्षिणा, आणि एकादशीला रत्नागिरी. सगळंच साधत नाही. हेदवीच्या बामणघळीला (खडकातली चीर, भरतीचं पाणी तिच्यातून वर उसळतं) उधाण लागतं, आणि या क्रमात तिथे आपण भांगाच्या भरतीला पोचतो. पण दोन मोठ्या गोष्टी दिवसाउजेडी साधतात, म्हणून हा क्रम आम्ही पक्का केला.

महिना म्हणाल तर जानेवारीचा उत्तरार्ध ते मार्चचा पहिला पंधरवडा. नागपुरात तेव्हा सकाळी स्वेटर लागतो, तिकडे सुती कपडे. फेब्रुवारी-मार्चमध्ये वेळासला कासवाची पिल्लं बघायला मिळतात. मे महिन्यात हापूस असतो, पण दमट उकाडा आपल्या कोरड्या उन्हापेक्षा फार वेगळा आहे. पंचेचाळीस अंश सोसणारी माणसंही तिथे बत्तीसमध्ये गळून जातात. पावसाळ्यात जंजिरा आणि सिंधुदुर्गच्या होड्या बंद असतात. पावसातलं कोकण बघायचं असेल तर बघा, जरूर बघा, पण ती सहल वेगळी.

गाडीची तयारी

निघण्याच्या आठ दिवस आधी टायर बघा. फक्त नक्षी किती उरली ते नाही, टायरचं वयही. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. १२२१ असेल तर २०२१ सालच्या बाराव्या आठवड्यातला टायर. पाच वर्षांपेक्षा जुना टायर शहरात चालून जातो. समृद्धीच्या सिमेंटवर ताशी शंभर-एकशेवीसने चार-पाच तास सलग पळवायला तो माझ्या मते नकोच. हवा सकाळी, टायर थंड असताना, कंपनीने सांगितली तेवढीच भरा. स्टेपनीतही.

ब्रेक दाखवून घ्या. समृद्धीला नाही, पण किनाऱ्यावरच्या चढ-उतारांना आणि परतीच्या आंबा घाटाला ते लागतात. वायपरची रबरं बदला, कारण खाऱ्या हवेचा चिकट थर काचेवर सकाळी-सकाळी बसलेला असतो. सोबत दोन लिटरची पाण्याची बाटली फक्त काचेसाठी ठेवा.

फास्टॅगमध्ये तीन हजार रुपये टाकून निघा. समृद्धीचा एका बाजूचा टोल कारला दीड हजाराच्या घरात जातो.

दिवस पहिला: समृद्धी

शिवमडक्याहून सुरू होणारा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये तो शिर्डीपर्यंत खुला झाला आणि जून २०२५ मध्ये शेवटचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा सुरू झाल्यावर थेट ठाणे जिल्ह्यापर्यंत जोडला गेला. दहा जिल्हे ओलांडतो. या एका रस्त्याने आपला समुद्र खरोखर जवळ आला. लहानपणी कोकण म्हणजे मुंबईपर्यंत रात्रभराची रेल्वे आणि पुढे एसटी, असा दोन दिवसांचा प्रवास असायचा.

पण एका दिवसात अलिबाग गाठू नका. अंतर बसतं, शरीर बसत नाही. इगतपुरीला मुक्काम करा, सव्वासहाशे किलोमीटर होतात.

या रस्त्यावरचा मोठा धोका म्हणजे त्याचा सरळपणा. वळण नाही, चौक नाही, गाव नाही. दीडेक तासाने डोळे उघडे असतात आणि मन झोपलेलं असतं. आम्ही दोघंही गाडी चालवतो, म्हणून नियम केला: दीड तास झाला की चालक बदलायचा, झोप आलेली असो वा नसो. शेजारी बसलेल्याने झोपायचं नाही, बोलत राहायचं. एकटाच चालवणारा असेल तर दर दीड तासाला पेट्रोल पंपावर किंवा थांब्यावर उतरून पाच मिनिटं चाला. कडेच्या पट्टीवर गाडी उभी करून डबा उघडणारी कुटुंबं दिसतात, तसं अजिबात करू नका. मागून येणाऱ्या ट्रकचालकाचाही डोळा लागलेला असू शकतो.

पहाटे पाचला निघा. घरून तिखट-मिठाच्या पुऱ्या, लोणचं, उकडलेली अंडी, आणि थंडीचे दिवस असतील तर संत्री. सोललेली संत्र्याची फोड चालवणाऱ्याच्या हातात देत गेलं की झोपही उडते आणि पाणीही पोटात जातं. मेहकरच्या आसपास लोणारचा मोह होतो. सरोवराला अर्धा दिवस तरी द्यायला हवा, आणि तो या सहलीत नाही. आमचं लोणार वेगळ्या शनिवार-रविवारी झालं.

दिवस दुसरा: भिवंडी आधी ओलांडा

सकाळी सहाला इगतपुरी सोडा. लगेच जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा लागतो आणि सह्याद्री पोटातून पार होतो. आमण्याला समृद्धी संपते आणि तिथून पुढचा भिवंडी-कल्याण-पनवेल हा टप्पा कंटेनरचा, गोदामांचा आणि वाहतूक कोंडीचा. साडेआठच्या आत पनवेल गाठलं तर दिवस वाचला. पनवेलहून कर्नाळ्याच्या जंगलाकडेने पेण, वडखळला उजवीकडे अलिबागचा फाटा. पेणमध्ये पोह्याचे पापड घ्या. दुपारपर्यंत नागाव किंवा रेवदंड्याला पोचून जेवा, झोपा, संध्याकाळी समुद्रावर जा. त्या दिवशी आणखी काही करू नका.

एक छोटी गोष्ट: सूर्य तिकडे आपल्यापेक्षा वीस-पंचवीस मिनिटं उशिरा मावळतो. पश्चिमेला आल्याचा हा फायदा रोज संध्याकाळी मिळतो.

कुलाबा, कोर्लई, जंजिरा

पंचमीला सकाळी साडेआठला अलिबागच्या किनाऱ्यावर या. ओहोटी पावणेदहाची असली तरी पाणी आधीपासून ओसरायला लागतं. घोट्याएवढ्या पाण्यातून, खडक आणि वाळू तुडवत चालायचं. पकड असलेल्या रबरी चपला घाला, शिंपल्यांनी तळवे कापतात. किल्ल्यात गणपतीचं देऊळ आहे आणि चारी बाजूंनी खारं पाणी असूनही गोड्या पाण्याची विहीर आहे. शिवाजी महाराजांनी अखेरच्या काळात बांधायला घेतलेला हा किल्ला पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं झाला. ओहोटीची वेळ गाठली की परत फिरायला लागा. "अजून अर्धा तास" म्हणून रेंगाळलेली माणसं मग टांग्याने किंवा होडीने परत येतात.

तिथून रेवदंड्याच्या पुलावरून कोर्लईला. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कुंडलिकेची खाडी आणि मधल्या डोंगरावर पोर्तुगीजांचा किल्ला. गावातले ख्रिस्ती लोक घरात जी बोली बोलतात ती पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली आहे. चारशे-पाचशे वर्षं त्या एका गावाने ती जपली आहे. गावातून जाताना गाडी हळू न्या, रस्ता अंगणांना लागून जातो.

काशीद सुंदर आहे, पण तिथे पोहू नका. लाटा ओढून नेतात.

जंजिऱ्याला राजपुरीहून शिडाच्या होड्या जातात. षष्ठीला सकाळी पहिल्या होडीला जा. अकरानंतर रांग आणि ऊन दोन्ही वाढतात. होडी तटाच्या अगदी जवळ येईपर्यंत दरवाजा दिसत नाही, हे मुद्दाम लक्ष देऊन बघा. सिद्दींचा हा किल्ला मराठ्यांना, इंग्रजांना, पोर्तुगीजांना कुणालाच जिंकता आला नाही. आरमाराला दरवाजाच दिसत नसेल तर हल्ला कुठे करणार, हे होडीत बसूनच कळतं. वर कलालबांगडी तोफ आहे. समोर समुद्रात पद्मदुर्ग दिसतो, जंजिऱ्याला शह देण्यासाठी बांधलेला.

जेट्टी: हा भाग नीट वाचा

किनाऱ्याने खाली जाताना चार मोठ्या खाड्या आडव्या येतात. राजपुरीची खाडी आगरदांड्याहून दिघीला ओलांडायची. सावित्री बागमांडल्याहून वेश्वीला. वाशिष्ठी दाभोळहून धोपाव्याला. शास्त्री तवसाळहून जयगडला. चारही ठिकाणी गाडीसकट होडीत चढायचं. लोक तिला जेट्टी, फेरीबोट किंवा जंगलजेट्टी म्हणतात. या खाड्यांवर पूल बांधायचं काम हाती घेतलेलं आहे. ते होईपर्यंत या फेऱ्या म्हणजे सहलीतली सगळ्यात मोठी मौज, आणि चुकल्या तर सगळ्यात मोठा मनस्ताप.

पहिल्या वेळी गाडी चढवताना माझे हात घामेजले होते. काय होतं ते सांगते, म्हणजे तुमचे घामेजणार नाहीत. होडी धक्क्याला लागते, पुढची लोखंडी फळी खडखडत खाली येते आणि आधी समोरच्या गाड्या उतरतात. मग शिट्टीवाला मुलगा हात करतो. कुठे सरळ चढायचं असतं, कुठे गाडी वळवून मागच्या बाजूने चढवायला सांगतात, म्हणजे पलीकडे सरळ उतरता येतं. धक्का उतरता आणि ओला असतो. पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धा सोडून, ब्रेकवर पाय तयार ठेवून सावकाश जायचं. चाक फळीवर चढताना मोठ्ठा धडाम आवाज होतो. तो नेहमीचाच आहे, घाबरून ब्रेक दाबू नका. "या ताई, या, या, डावीकडे कापा, बास." दोन गाड्यांत वीतभर अंतर ठेवून तो मुलगा गाडी बसवतो. त्याच्या हाताकडे बघा, आरशाकडे नाही. मग हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून बंद करा, शेजारच्याने आधीच उतरून घ्यावं, कारण नंतर दार उघडायला जागा राहत नाही. आणि खाली उतरून कठड्याशी उभे राहा. दहा-पंधरा मिनिटं असतात. एसटीतली शाळेची मुलं, टोपल्या घेतलेल्या मावश्या, दुचाकीवर गॅस सिलिंडर बांधलेला माणूस, सगळे त्या दहा मिनिटांत निवांत पाण्याकडे बघत उभे असतात.

गाडी आणि दोन माणसं मिळून तीनशे रुपयांच्या आतबाहेर लागतात. सुट्टे पैसे ठेवा, खाडीच्या तोंडाशी मोबाईलची रेंज जाते. वेळापत्रक आदल्या रात्री मुक्कामाच्या घरी विचारा आणि शेवटची फेरी कधी ते आधी विचारा. दुसऱ्या सहलीत आम्ही दापोलीकडे सूर्यास्त बघत बसलो आणि धक्क्यावर पोचलो तर होडी नुकतीच पलीकडे दिवे लावून थांबलेली दिसली. त्या दिवसाची ती शेवटची. समोर दिव्यांमध्ये आमचं मुक्कामाचं गाव, आणि आम्ही चिपळूणवरून शंभरेक किलोमीटरचा वळसा घालून रात्री बाराला पोचलो. अंधारात, अरुंद रस्त्यावर, समोरून येणाऱ्या डंपरच्या दिव्यांत. तेव्हापासून साडेचारनंतर जेट्टी ओलांडायची योजनाच करत नाही.

दिवेआगर ते वेळास

दिघीहून दिवेआगर. नारळ-सुपारीच्या वाड्यांमधून जाणारा गावचा रस्ता, दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे. इथल्या घरांवर "घरगुती राहण्याची व जेवणाची सोय" अशा पाट्या असतात. तिथेच राहा. १९९७ साली एका वाडीत खणताना तांब्याच्या पेटीत सोन्याचा गणपतीचा मुखवटा सापडला, २०१२ मध्ये तो चोरीला गेला आणि २०२१ मध्ये पुन्हा बसवला गेला. गर्दी तिकडेच जाते. मी म्हणेन रूपनारायणाच्या देवळातली विष्णूची मूर्तीही निवांत बघा. दगडावर केलेलं इतकं नाजूक काम समुद्राच्या इतक्या जवळ टिकलेलं बघून मला फार समाधान वाटलं.

सप्तमीला सकाळी श्रीवर्धन. पेशवाई ज्यांच्यापासून सुरू झाली त्या बाळाजी विश्वनाथ भटांचं गाव. इथली रोठा सुपारी घ्या. साडेदहापर्यंत हरिहरेश्वर. देवळामागून पायऱ्या चढून दोन खडकांच्या फटीतून खाली उतरलं की एकदम समुद्र समोर येतो. लाटांनी पोखरलेले खडक मधाच्या पोळ्यासारखे दिसतात. प्रदक्षिणेची वाट या खडकांवरून जाते, आणि ती फक्त ओहोटीलाच मोकळी असते. भरतीच्या वेळी या वाटेवर माणसं वाहून गेलेली आहेत. पाटी लावलेली असेल, कुणी अडवत असेल, तर वाद न घालता परत फिरा. शेवाळ असलेल्या हिरव्या खडकावर पाय ठेवायचा नाही, कोरड्या काळ्या खडकावरच ठेवायचा.

मग बागमांडल्याहून सावित्री ओलांडायची. रायगड जिल्हा मागे राहतो, रत्नागिरी सुरू होतो. वेळासला मुक्काम. नाना फडणवीसांचं हे गाव आता ओळखलं जातं ते ऑलिव्ह रिडले कासवांसाठी. मादी रात्री वाळूत अंडी घालून जाते. गावकरी ती अंडी कुंपणात सुरक्षित ठेवतात आणि पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं निघाली की सकाळ-संध्याकाळ समुद्रात सोडतात. तळहाताच्या निम्म्याएवढं पिल्लू. ते लाटेकडे चालतं, लाट त्याला मागे फेकते, ते पुन्हा सरळ होतं आणि पुन्हा त्याच दिशेने निघतं. आम्ही गेलो तेव्हा सातच पिल्लं होती आणि दोरीमागे शंभरेक माणसं, आणि सातवं पिल्लू दिसेनासं होईपर्यंत कुणी बोललं नाही. पिल्लं रोज निघतातच असं नाही, म्हणून तिथे संध्याकाळ आणि दुसरी सकाळ दोन्ही मिळतील असं बघा. दोरी ओलांडू नका, फ्लॅश लावू नका.

केळशी, आंजर्ले, हर्णै

हा सगळा दिवस रस्त्याचा. अंतर थोडं, वळणं फार. ताशी पंचवीसचा वेग धरा. समोरून एसटी आली तर आपणच मागे घ्यायचं. तिला जागा द्या, वळणावर हॉर्न द्या. गाडी लागत असेल तर आवळासुपारी जवळ ठेवा आणि पोटभर खाऊन निघू नका. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीच्या आवारातून खाली नारळाच्या बागा आणि पलीकडे सुवर्णदुर्ग दिसतो.

दुपारी चारनंतर हर्णै बंदरावर जा. मासे खात नसाल तरी जा. मचवे लांब पाण्यात उभे राहतात आणि बैलगाड्या पोटापर्यंत पाण्यात जाऊन मासळी आणतात. ओल्या वाळूवर ढीग लागतात: सुरमई, पापलेट, बांगडे, कोळंबी. आणि भोवती लिलाव सुरू होतो. बोली बायका लावतात. आकडे इतक्या भरभर पुकारले जातात की आपल्याला कळेपर्यंत ढीग उचललेला असतो. मोठा ढीग आपल्यासाठी नाही. बाजूला बसलेल्या मावशीकडून चार बांगडे घ्या आणि मुक्कामाच्या घरी द्या, बहुतेक ठिकाणी करून देतात. मुक्काम आंजर्ले, दापोलीजवळचं मुरूड किंवा कर्दे, कुठेही चालेल.

गुहागर, हेदवी, जयगड

दाभोळला चंडिका देवीचं भुयारातलं देऊळ बघून वाशिष्ठी ओलांडा. गुहागरचा किनारा लांबच लांब आहे, सुरूच्या झाडांमागे लपलेला. इथे आम्ही पूर्ण दुपार काहीच करत नाही. व्याडेश्वराचं दर्शन, वाडीतल्या घरी उकडीचे मोदक, संध्याकाळी किनाऱ्यावर एक तास चालणं. सतत फिरून सातव्या दिवशी दोघांचीही चिडचिड व्हायला लागते. रिकामा अर्धा दिवस आधीच आखून ठेवला तर तो भांडणात जात नाही.

दशमीला पहाटे निघून सातला हेदवी. दशभुज गणपती, आणि खाली समुद्राशी बामणघळ. खडकात एक अरुंद लांब चीर आहे, भरतीचं पाणी तिच्यात कोंडतं आणि वर उसळतं. आम्हाला पुरुषभर उसळी दिसली. उधाणाला ती पार डोक्यावरून जाते असं तिथले लोक सांगतात. चिरेच्या काठावर उभं राहून फोटो काढायचा नाही.

तवसाळहून जयगड, मग मालगुंडला केशवसुतांचं घर. तिथून गणपतीपुळे जवळच. इथे मूर्तीइतकाच डोंगर महत्त्वाचा. सगळी टेकडीच स्वयंभू मानलेली असल्याने प्रदक्षिणा टेकडीला घालतात, साधारण किलोमीटरभर. सकाळी उन्हाआधी घाला. समुद्रात मात्र गुडघ्यापलीकडे जाऊ नका, किनारा एकदम खोल होतो.

आरे-वारेचा रस्ता या सगळ्या सहलीतला सर्वांत देखणा. गाडी चालवणाऱ्याला काही दिसत नाही, म्हणून वरच्या वळणावर थांबायला जागा आहे तिथे दोघांनीही उतरा. रत्नागिरीत टिळकांचं जन्मस्थान आणि थिबा राजवाडा बघा. ब्रह्मदेशच्या या राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत करून इथे आणून ठेवलं, १९१० मध्ये हा वाडा तयार झाला आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. वाड्यातून खाडी आणि समुद्र दिसतो. तो मायदेशी परत गेला नाही.

जेवण, मुक्काम, पैसे

कोकणात जेवण आधी सांगावं लागतं. सकाळी नाश्त्याला बसतानाच "दुपारी दोन पानं" सांगा. दीडला जाऊन "काय आहे?" विचारलं तर काहीच नसतं. आपल्या सावजीच्या जिभेला तिथली आमटी गोड वाटेल. तिखटाची पुडी काढण्याआधी दोन दिवस तशीच खाऊन बघा, ओल्या नारळाची आणि तिरफळाची चव तेव्हा लागायला लागते. आंबोळ्या, घावने, सोलकढी रोज.

दोघांचीही आधार कार्डं जवळ ठेवा, प्रत्येक घरी मागतात. शनिवार-रविवारचा मुक्काम आधी फोन करून पक्का करा, बाकी दिवस वाटेत ठरवलं तरी चालतं. वाळूवर गाडी नेऊ नका. चाक रुततं, भरती येते, आणि ते नियमातही बसत नाही. टाकी अर्धी झाली की भरा.

आमचा एकूण प्रवास सव्वादोन हजार किलोमीटर झाला. पेट्रोल साडेचौदा हजार, मुक्काम दहा रात्रींचे पंचवीस हजार, जेवणखाण बारा हजार, टोल, होड्या आणि खरेदी धरून साठ हजारांच्या आत. डॉर्मिटरीत राहिलात किंवा मुरूडवरूनच परतलात तर बरंच कमी.

परतीला दुसरा रस्ता

परत भिवंडीला जाऊ नका. रत्नागिरीहून आंबा घाट चढून कोल्हापूर, मिरज, सोलापूर. घाटात डोंगर उतरणारे ट्रक असतात, चढणारा आपण असलो तरी घाई नको. कोल्हापुरात अंबाबाईचं दर्शन आणि जेवण, रात्री सोलापूर. साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर होतात. दुसऱ्या दिवशी पहाटे तुळजापूर, आणि तिथून लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा करत बुटीबोरी. साडेपाचशे किलोमीटर, दिवस पुरतो, पण थांबे घेत. यवतमाळच्या पुढे रस्त्याच्या कडेला काळी माती आणि पऱ्हाटी दिसायला लागली की ह्यांचा पाय आपोआप जड होतो. तिथे मी स्टीअरिंग घेते.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या. रॅम्पवर चढवून, चाकांच्या कमानी आणि सायलेन्सर पाइपसकट. जेट्टीवर उडालेलं खारं पाणी पत्र्याच्या सांध्यात बसतं आणि दोन पावसाळ्यांत गंज दिसायला लागतो. पायपुसण्या उन्हात आपटा. आमच्या गाडीत मागच्या सीटच्या फटीत वेळासची वाळू अजून निघते.